एक अक्षरही वाढवू नकोस

९ जुलै

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. (हा नमस्कार फक्त तुला. बाकीच्यांचं नंतर बघू.)

अनोळखी नगरीच्या अथांग किनाऱ्यावर माझ्या जीवनाची नौका अखेर विसावली आहे. धुक्याची मखमली दुलई पांघरलेले रस्ते, दिव्यांचे मोती ओघळणारे खांब आणि अंतर्मनाच्या गाभाऱ्यात घुमणारी एकाकीपणाची बासरी, यांच्या साक्षीने मी नव्या क्षितिजाकडे पहिलं पाऊल टाकलं. (कसं वाटलं? बसमध्ये तीन वेळा खोडून लिहिलं. वर्षभराचा लेखनाचा अभ्यासक्रम करणारीचं पहिलं पत्र साधं कसं असेल?)

खोली एका धुलाईच्या दुकानाच्या वर आहे. खुर्ची एकच आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागते आणि खालून इस्त्रीची वाफ वर येते. सकाळी कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकं जागेवर लावायचं काम मिळालंय, दुपारी तास. वर्गात सगळी विशीतली, मी एकटी अडतीसची. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर मुलं मला शिक्षिका समजून उठून उभी राहिली. आता मला मावशी म्हणतात.

बाबांचं विचारशील म्हणून आधीच सांगते, मला त्यांना काही लिहायचं नाही. अठरा वर्षं मी त्यांच्या किल्ल्या बनवायच्या दुकानात बसले. त्यांची नजर जायला लागल्यावर कुलपांवरचे नंबर मी वाचले, गिऱ्हाइकांशी मी बोलले. आणि जायचं म्हटल्यावर काय, तर लिहायला शिकायला लांब कशाला जावं लागतं, तुला लिहिता येतंच की! मग मीही म्हणाले की मी काही तुमचे डोळे म्हणून जन्माला आलेले नाही. तू होतीसच तिथे. दोन दिवस बोलले नाहीत, आणि मी निघाले तेव्हा स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत, कानस घासत बसले. वाचून दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव.

दादाला जहाजावर पत्र टाकशील तेव्हा माझा पत्ता कळव. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी
नणंद


२० जुलै

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. नौका पोचली म्हणताय तेव्हा तीही पोचली असेल. पण वन्सं, जुलैत धुकं कुठून आणलंत? आणि अंतर्मनाच्या गाभाऱ्यात बासरी कोण वाजवतंय? मला तर सगळं डोक्यावरून गेलं. माझ्यासारख्या साध्या बाईला खुर्ची एकच आहे एवढंच कळलं, आणि तिथे मात्र पोटात तुटलं.

इकडचं सांगायचं तर दुकान चालू आहे. मी आता काउंटरवर बसते. पहिल्याच आठवड्यात मी शाळेच्या शिपायाच्या किल्ल्या दातांच्या दवाखान्यातल्या बाईंना दिल्या आणि त्यांच्या शिपायाला. दोघंही दुसऱ्या दिवशी दारात, एकमेकांकडे संशयाने बघत. मामंजी हसले नाहीत, पण ओठ दाबून धरले होते, मी पाहिलं. काम त्यांचं अजून तसंच सुरेख. नमुन्याच्या किल्लीवरून नख फिरवतात आणि कोरी किल्ली पकडीत लावून घासायला घेतात. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो, तरी एकही किल्ली परत येत नाही. परत येतं ते मी केलेलं.

पत्र त्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले की लिही तिला, ठीक आहे. एवढंच. तुम्ही दोघं बापलेक एका दगडाचे.

तुमच्या दादांचं पत्र तीन महिन्यांतून एक येतं आणि त्यात हवामान असतं. इंजिनाच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला हवामानाचं एवढं काय पडलंय, देव जाणे. घरात आम्ही दोघं, मी आणि मामंजी, आणि दोघांनाही फार बोलायची सवय नाही. मला होती, पण मोडत चालली आहे. म्हणून सांगते, मोठं लिहीत जा. धुकं घातलंत तरी चालेल.

आठवण ठेवा, आणि नुसती ठेवू नका, टपालात टाका.

तुमची
वहिनी


२ सप्टेंबर

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

आज तोंडावर आपटले आहे, तेव्हा हसून घे.

पहिला मोठा लेख दिला होता, माझ्या खोलीवर, चार पानं. ते मखमल, मोती सगळं घातलं होतं. आमच्या बाईंनी तो परत दिला तेव्हा सगळी पानं लाल. चार पानांत त्यांनी एकच वाक्य शिल्लक ठेवलं होतं: खुर्ची एकच आहे. खाली लिहिलं होतं की एवढं तुमचं, बाकी कोणाचंही. तू तर हे त्यांच्या आधीच सांगितलं होतंस, आणि तेही फुकट. मी वाचनालयाच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले आणि रडले, अडतिसाव्या वर्षी, निकाल लागलेल्या पोरीसारखी. मग नाक पुसलं आणि भूगोलाची पुस्तकं लावली.

बाई म्हणतात की हातांना जे माहीत आहे त्यावर लिहा. माझ्या हातांना किल्ल्या माहीत आहेत. पण त्याच सोडून तर इथे आले ना! मग काय परत तिथेच जायचं?

वर्गातली मुलं चांगली आहेत गं. वही मागतात, चहाला चला म्हणतात. पण मी गेले की आवाज खाली येतात, म्हणून मी जात नाही. रविवार वाईट असतो. परवाच्या रविवारी मी कोणाशीच बोलले नाही. सोमवारी वाचनालयात पहिला शब्द काढला तर घसा बसलेला, फाटका आवाज आला. समोरच्या मुलाला वाटलं मला सर्दी झाली. मीही म्हटलं हो, सर्दीच.

दुकानाचं लिहीत जा. घरच्यांना नमस्कार, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझी
लाल शाईत बुडालेली
नणंद


१५ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. हसणार होते, पण हसू नाही आलं. त्या बाईंना म्हणावं, एकदा आमच्या दुकानात येऊन बसा, मग बघते लाल शाई कुठे टिकते ते.

मामंजी हल्ली टपालाची वेळ झाली की हातातलं काम थांबवतात. विचारत नाहीत, नुसतं थांबतात. तुमची दोन्ही पत्रं त्यांनी माझ्याकडून चार-चार वेळा वाचून घेतली. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे काय सांगू! एकदा ऐकलं की अक्षर न् अक्षर डोक्यात. एक शब्द इकडचा तिकडे झाला की लगेच म्हणतात, मागच्या वेळी असं नव्हतं. माझ्या तर तोंडचं पाणी पळतं.

परवा त्यांनी विचारलं की तिथे तिची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं घसा बसला होता, बाकी ठणठणीत. तर म्हणाले की तसं नाही, ती बोलते आहे ती वेगळीच बोलते आहे. मी विषय बदलला आणि चहा टाकला.

तुम्हाला आधी ते ठिणगी म्हणायचे ना? आमच्या लग्नात मी पहिल्यांदा ऐकलं होतं. नवीन माणसाला वाटावं की काय हे नाव! आठवड्याभरात कळलं, अगदी शोभतं. हल्ली ते तुम्हाला नुसतं ती म्हणतात.

तब्येत सांभाळा. रविवारी निदान खालच्या धुलाईवाल्याशी तरी भांडा, घसा मोकळा राहील. जीव लावलाय तो तसाच असू द्या.

तुमची
वहिनी


१९ डिसेंबर

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

बातमी आहे. बाईंनी काल माझा लेख वर्गात वाचून दाखवला. लेख किल्ली बनवण्यावर. शेवटी लिहिलाच. कोरी किल्ली पकडीत कशी बसवायची, कानस पुढे नेताना जोर आणि मागे आणताना हलकी, पितळेची पूड बोटांच्या रेघांत कशी शिरते आणि जेवताना पाण्याला तिची चव कशी येते. एकही मोती नाही, एकही बासरी नाही. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची एक बडबडी मुलगी म्हणाली की मावशी, मला आता माझ्या दाराची किल्ली वेगळी दिसेल. वहिनी, मी ते पान उशाशी ठेवलंय. हसू नकोस.

पण बाईंनी नंतर थांबवून विचारलं की या दुकानात माणूस कुठे आहे. हात दिसतात, पितळ दिसतं, पण ते हात ज्याचे आहेत तो दिसत नाही. मी म्हटलं तो मुद्दाम ठेवला नाही. त्या म्हणाल्या की ते कळतंच आहे. मला त्यांचा असा राग आला की विचारू नकोस. अजून आहे.

सुट्टीत घरी येत नाही. वाचनालयात पुस्तकांची मोजणी आहे, माझं नाव मीच दिलं. कारण तुला माहीत आहे. दारात आले आणि ते स्टुलावरून उठले नाहीत तर मी परत ते सहन करू शकणार नाही. इथली पोरं सगळी गेली. धुलाईवालाही गावाला गेला, त्यामुळे खालून वाफ येत नाही आणि खोली गार पडली आहे. बरं आहे, लिहायला शांतता आहे, असं मी स्वतःला रोज दोनदा सांगते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
नणंद


४ जानेवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुमची गादी उन्हात घातली होती, ती परत गुंडाळून ठेवली. अंथरुणाची चादर धुवून इस्त्री केली होती, ती आता मी वापरते. यापलीकडे मी रागावले आहे असं लिहिणार नाही, तुमचं तुम्ही समजा.

सुट्टी लागल्यापासून मामंजी रोज दाढी करून बसत होते. आठ दिवसांनी मी सांगितलं की मोजणी आहे, येता येत नाही. ते म्हणाले की बरोबर आहे, तिला आता तिथे माणसं झाली असतील. तुमच्या किल्लीच्या लेखाबद्दल मात्र वाचलं तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले की पुढे जोर, मागे हलकी, हे तिने बरोबर लिहिलं.

लहानसंच लिहिते आहे. मन नाही. तरी तुम्ही लिहा.

तुमची
वहिनी


६ मार्च

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

काम आहे, नीट वाच. वर्षाचा शेवटचा लेख द्यायचा आहे. विषय असा की या वर्षात मी लिहिणारी म्हणून कशी वाढले. नुसतं वाढले म्हणून चालत नाही, पुरावा जोडावा लागतो. सुरुवातीचं लिखाण आणि आताचं, शेजारी शेजारी, निदान दहा पानं. मी तर ते लाल केलेले कागद केव्हाच फाडून टाकले. पण तुला लिहिलेली पत्रं आहेत! नौकेपासून आजपर्यंत, सगळी ओळीने. याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? तेव्हा ती सगळी पत्रं पाकिटात घालून पाठव. एकही गाळू नकोस. काम झालं की परत पाठवीन.

या लेखावर पास-नापास ठरणार आहे. नापास झाले तर बाबांचं म्हणणं खरं झालं असं होईल, आणि ते मला परवडणार नाही. लवकर पाठव.

तुझी
घाईत असलेली
नणंद


२० मार्च

प्रिय वन्सं,

काय लिहू आणि कुठून सुरुवात करू? नमस्कार करायचंही तोंड नाही, तरी करते.

पत्रं सोबत पाठवते आहे. चौदा दिवस लावले, कारण दहा दिवस मी खोडरबर घासत होते. नाही गेलं. कागद फाटायला लागला तेव्हा थांबले. तुम्ही पाकीट उघडलंत की ओळींच्या मध्ये आणि समासात तुम्हाला पेन्सिलीचं अक्षर दिसेल. ते माझं आहे.

पहिलं पत्र आलं तेव्हा मामंजी समोर बसले होते, हात मांडीवर ठेवून. मी वाचायला सुरुवात केली. नौका झाली, धुकं झालं, खोली झाली, आणि मग ते तुमचं वाक्य आलं की मला त्यांना काही लिहायचं नाही. माझी जीभ उचलली नाही हो. ते तर वाट बघत होते. मग मी वरचं गाळलं आणि तोंडाला आलं ते म्हणाले, की बाबांची फार आठवण येते, कानशीचा आवाज कानात घुमतो. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, झालं, चांगलं झालं. पण दुसऱ्या दिवशी म्हणाले परत वाच. आता मी काय म्हटलं होतं ते मला कुठे आठवतंय! त्यांना मात्र शब्द न् शब्द पाठ. म्हणून मी पेन्सिलीने लिहून ठेवलं. मग प्रत्येक पत्रात तेच. तुम्ही त्यांच्यासाठी एक ओळ लिहायच्या नाहीत आणि मी पाच लिहायची. तुमचा राग आला की मी उडी मारून पुढे जायची. नऊ महिन्यांत तुमचा एकही वाकडा शब्द त्यांच्या कानावर पडलेला नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही सुट्टीत याल, समोरासमोर गोड होईल आणि माझं पेन्सिलीचं काम विसरलं जाईल. तुम्ही आला नाहीत.

मीठमसाला लावला एवढंच म्हणून सुटले असते, पण मी तुमच्या नावाने बोलले. आता तुम्ही काय वाटेल ते बोला. फक्त बोलायचं थांबवू नका.

तुमची अपराधी
वहिनी


२७ मार्च

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं आणि आधी डोक्यात तिडीक गेली. माझ्या तोंडी तू इतकी साखर घातलीस! मी, आणि बाबांना लिहिते की तुमच्या पायाशी बसून शिकलेलं कधी विसरणार नाही? दोन दिवस तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी सगळी पत्रं टेबलावर मांडली, माझी शाई आणि तुझी पेन्सिल, आणि बाई सांगतात तशी सावकाश वाचली.

आता मी सांगते ते ऐक. माझी सुरुवातीची पत्रं वाचवत नाहीत. त्यात मी कुठेच नाही, नुसतं सजवलेलं आहे. तुझ्या पेन्सिलीत मात्र कोणीतरी आहे. ऑक्टोबरच्या पत्रात तू लिहिलंस: “जेवताना समोरची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी ती भिंतीकडे वळवून ठेवते.” अगं, माझ्याकडे खुर्ची एकच आहे, तुझ्याच तर पोटात तुटलं होतं. ती खुर्ची तुझ्या टेबलाची आहे. दादाची. आणि फेब्रुवारीत: “दिवसभर बोललेलं कोणाला सांगावं असं माणूस नसलं की दिवस झालाच नाही असं वाटतं.” हे मी लिहिलेलं नाही आणि बाबांना लिहिलेलंही नाही. हे तुला कोणीतरी लिहावं असं तुला वाटत होतं. मी नऊ महिने फक्त माझ्या रविवारांचं रडगाणं गायले आणि तू कशी आहेस हे एकदाही विचारलं नाही. आता विचारते. तू कशी आहेस? यावर मला वेगळं पत्र पाहिजे, आणि ते कोणालाही वाचून दाखवायचं नाही.

ही पत्रं मी पुरावा म्हणून देणार नाही. बाबांसाठी एक पत्र सोबत आहे, माझं पहिलं. वाढले की नाही ते त्यातच आहे. पण ते त्यांचं आहे, म्हणून आधी त्यांनी ऐकायचं आणि ते हो म्हणाले तरच मी ते बाईंना देणार. नाही म्हणाले तर नापास होईन. तू फक्त वाच. काही गाळू नकोस आणि एक अक्षरही वाढवू नकोस. वाचवणार नाही असं वाटलं तरी वाच.

तुझी
नणंद


२७ मार्च

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार मनापासून आहे. रागही आहे. दोन्ही एका वेळी असतात असं मला हल्लीच कळलंय.

आतापर्यंत माझ्या नावाने जी गोड वाक्यं तुम्ही ऐकलीत ती माझी नव्हती. मी तुम्हाला नऊ महिन्यांत एक ओळ लिहिली नाही. ते तुम्हाला लागू नये म्हणून वहिनीने स्वतःच्या मनाने घातलं. तिला बोलू नका. बोलायचं तर मला बोला.

मी तुमच्यावर चिडले आहे. मी वीस वर्षांची असताना दुकानात मदतीला बसले आणि तुम्ही अठरा वर्षांत मला एकदाही विचारलं नाहीत की तुला हेच करायचंय का. मी हिशेबाच्या वहीमागे गोष्टी लिहायचे, ते तुम्हाला माहीत होतं, तेव्हा तुम्हाला दिसत होतं. तुम्ही कधी वाचून दाखव म्हणाला नाहीत. आणि जायच्या वेळी म्हणालात की लिहिता येतंच की. कसं येतं ते तुम्हाला काय माहीत?

मी तुम्हाला जे बोलले, की मी तुमचे डोळे म्हणून जन्माला आलेले नाही, ते मी परत घेत नाही. ते खरं आहे. पण ज्या माणसाला समोरचा चेहरा दिसत नाही त्याला मी ते बोलले आणि आवाज मुद्दाम कडक ठेवला. चेहरा दिसला असता तर तुम्हाला कळलं असतं की मी रडत होते. ते लपवलं, याची मला लाज वाटते. रोज वाटते.

इथे मी एकटी आहे. तुम्हाला वाटत असेल मला माणसं झाली, तर नाही झाली. दिवसचे दिवस कोणी माझ्याशी कामाखेरीज बोलत नाही. मी किल्लीवर लेख लिहिला तो सगळ्यांना आवडला, पण त्यात मी तुम्हाला ठेवलं नाही. ठेवायला गेले की तुमची पाठच दिसायची, स्टुलावर बसलेली. मी सामान घेऊन दारात उभी होते, तुम्हाला पावलं ऐकू आली होती, आणि तुम्ही कानस घासत राहिलात. मी मनात दहा आकडे मोजले आणि गेले. तुम्ही का उठला नाहीत? हे मला विचारायचं होतं. नऊ महिने बाकी सगळ्यावर लिहिलं ते हे विचारायला लागू नये म्हणून.

तुम्हाला चालणार असेल तर हे पत्र मी कॉलेजात देईन. नसेल तर नाही.

तुमची
मुलगी


६ एप्रिल

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. वाचलं. शपथेवर सांगते, जसंच्या तसं. आवाज दोनदा फुटला तेवढाच काय तो माझा.

दुकान बंद करून दुपारी मागच्या खोलीत बसलो. मी आधी माझं सांगणार होते, पण म्हटलं पत्रात आहेच. तुम्ही चिडले आहे म्हणालात तिथे मामंजी पुढे सरकून बसले. पुढे वाचत गेले तसतशी माझी मान खाली, आणि वर बघते तर हे गृहस्थ काय करत असतील? हसत होते. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. संपल्यावर म्हणाले की ही माझी ठिणगी. मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, वन्सं, की ती गोड पत्रं ऐकून ते आतल्या आत खचत चालले होते. त्यांना वाटलं, माझी मुलगी अशी नाही. ती असं गोड बोलते म्हणजे तिने भांडण सोडून दिलं, म्हणजे मलाच सोडून दिलं. आजारी माणसाशी परकी माणसं बोलतात तसं ती माझ्याशी बोलते. नऊ महिने मी त्यांना औषध म्हणून जे देत होते त्याने ते एकटे पडत होते. मी पदर तोंडाला लावून रडले तर वर मलाच म्हणाले की पेन्सिलीतलं चांगलं होतं, पण ते जहाजावर पाठवायला हवं होतं. मी काल तसं तुमच्या दादांना लिहून पाठवलं. तुमचं ते वेगळं पत्रही लिहिते आहे, मोठं होणार आहे.

मग ते तुमच्याशी भांडले. खोलीत येरझारा घालत, तासभर, मोठ्याने. हिशेबाच्या वहीमागे गोष्टी होत्या ते त्यांना माहीत होतं, पण मुलीचं खाजगी वाचू नये म्हणून विचारलं नाही, यात त्यांचं काय चुकलं? अठरा वर्षांत हेच करायचंय का म्हणून विचारलं नाही हे मात्र कबूल, कारण नाही म्हणालीस तर काय, याची भीती वाटायची. मी लिहून घेतलं आहे, चार पानं, सोबत आहेत. घरात इतका आवाज किती दिवसांनी झाला! शेजारच्या शिंपीणकाकू विचारायला आल्या की काय झालं. मी म्हटलं, काही नाही, वन्संचं पत्र आलंय.

कॉलेजात द्यायला त्यांची हरकत नाही. पण म्हणाले की खोटं लिहिलेलं देऊ नये, एक गोष्ट चुकली आहे, ती तिने सुधारून द्यावी. स्टुलावरून उठलो नाही असं तिने लिहिलंय. ते हटून बसले होते हे खरं, ती एकदा हाक मारेल मग उठू असं त्यांच्या मनात होतं, आणि इकडे तुम्ही आकडे मोजत होतात. पावलं लांब गेल्यावर ते उठले. मलाही हे ठाऊक नव्हतं, मी तर तुमच्याबरोबर बसमध्ये होते, मोठ्या स्टँडपर्यंत. काठी न घेता, भिंतीला हात लावत ते कोपऱ्यापर्यंत आले. बसचं इंजिन ऐकू येत होतं. हाक मारली तर त्या आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून त्यांनी हात वर केला, आणि आवाज विरेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग रस्त्यातल्या कोणीतरी त्यांचा दंड धरून सांगितलं की आजोबा, बस तुमच्या मागच्या बाजूने गेली.

तेवढं तिला लिही, म्हणाले. लिहिलं आहे. मी एक अक्षरही वाढवलेलं नाही.

वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक,
तुमची
वहिनी